थायरॉइडची गोळी वाढवून रक्तवाहिन्यांची सूज जात नाही

‘रक्तवाहिन्यांची सूज म्हणजे थायरॉइडचाच बिघाड. टीएसएच नॉर्मल आला की सूज आपोआप उतरते. स्टिरॉइड बंद करा, थायरॉइडची गोळी वाढवा, आयोडीनचं मीठ टाकून सैंधव खा.’ हा मजकूर मराठवाड्यात बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. (टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी; ग्रंथी कमी काम करत असेल तर तिचा आकडा बहुधा वाढतो.) तपासणीला लातूर किंवा संभाजीनगर गाठायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. अशा घरात फुकटचा सल्ला लवकर पटतो, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासू.

‘मूळ थायरॉइडच.’ नाही. हाशिमोटो या थायरॉइडच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते, व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सुजेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर. एकाच बाईला दोन्ही असू शकतात, पण म्हणून पहिल्यातून दुसरा आजार झाला असं होत नाही. एक धागा मात्र खरा आहे. थायरॉइड वाढल्यावर देतात त्या प्रोपिलथायोयुरासिलनं, क्वचित कार्बिमाझोलनंही, काहींच्या रक्तवाहिन्या सुजतात. या गोळ्या चालू असताना पायांवर जांभळे चट्टे उठले, लघवीतून किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

‘स्टिरॉइड बंद करा, थायरॉइडची गोळी वाढवा.’ या वाक्यानं जीव जाऊ शकतो. काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी एकदम थांबवली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. उलट्या, चक्कर, बीपी खाली, माणूस बेशुद्धही पडतो. त्यात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, वाढवलं तर उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी वेगानं संपतं. शिवाय दबलेली सूज उसळते ती वेगळीच. तोंड सुजतं, साखर वाढते, म्हणून बायका स्टिरॉइडला वैतागतात. ते अगदी खरं आहे. पण डोस उतरवायचा तो डॉक्टरांनीच, पायरीपायरीनं.

आणि गोळी घेऊनही टीएसएच उतरत नसेल तर आधी सकाळचा चहा बघा. स्टिरॉइडमुळे हाडं ठिसूळ होतात म्हणून सोबत कॅल्शियम दिलेलं असतं. घरोघरी सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदम घेतल्या जातात. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिन अंगी लागू देत नाहीत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, कॅल्शियम किमान 4 तासांनी. पुष्कळदा डोस वाढवायची गरजच उरत नाही. उगाच वाढवला तर छातीत धडधड होते आणि हाडं आणखी झिजतात.

सैंधव नवरात्राच्या उपवासाला खुशाल खा. वर्षभर तेवढंच खाल्लं तर आयोडीन कमी पडेल. मोठ्या माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम लागतं, साध्या सैंधवात ते नावालाच असतं. गरोदर बाईनं तर हा प्रयोग करूच नये.

राहिला टीएसएच. तो रक्तवाहिन्यांबद्दल काहीच सांगत नाही. प्रेडनिसोलोनचा मोठा डोस स्वतःच टीएसएच खाली आणतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही आकडा चुकवतं. लॅबमध्ये सांगा आणि किमान 2 दिवस आधी ते थांबवा. आपल्याकडे तरुण बायकांत दिसणाऱ्या ताकायासू आजारात, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सुजेत, बघायचं ते वेगळंच: दोन्ही हातांचं बीपी, मनगटाची नाडी, सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या आणि लागेल तेव्हा रक्तवाहिन्यांचा स्कॅन. पुढच्या फेरीला डॉक्टरांना दोन्ही हातांचं बीपी मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे फाइलवर लिहून घ्या.