मालगाडीचा फोटो काढला म्हणून मी कोणाचा माणूस?

"कोणत्या पेपरचे?" "कंपनीने पाठवलंय काय?" "परवानगी आहे?" गोव्यात मोठी लेन्स लावून रुळांच्या आसपास उभं राहिलं की हे ठरलेलंच. मला मालगाड्या आवडतात म्हणून काढतो, एवढं साधं उत्तर दिलं की समोरच्याचा संशय उलट वाढतो. खरं बोलणारा माणूस इतका लबाड कधी दिसला नसेल.

वेळसांवचंच घ्या. वास्कोहून मडगावकडे येणारा मार्ग तिथे लोकांच्या दारावरून जातो. पलीकडे माड आणि माडांपलीकडे समुद्र. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा याच वाटेने कुळे, कॅसलरॉक करत घाट चढतो आणि कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. सकाळचं तिरपं ऊन माडांतून वाघिणींवर पडतं तेव्हा ती काळी, मळकी गाडी काय दिसते म्हणून सांगू! सांगावंच लागतं, कारण दाखवायला फोटो कुठाय? बटण दाबायच्या आत कुंपणापाशी एक आंटी हजर. "कित्याक रे फोटो? डबलिंगचो सर्व्हे मरे?"

त्या आंटीचा राग मला कळतो. घरात काळी पूड येते, दुपदरीकरणाने अंगण जाईल, भिंतींना तडे जातील ही धास्ती आहे. २०२०च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर उतरले ते काय हौस म्हणून? त्यात मी त्यांच्याच बाजूचा. पण आंटी, सर्व्हे करणारा माणूस पिशवीतून भाजीपाव काढून माडाखाली बसतो का? हे तिला पटवेपर्यंत शेवटचा डबा फाटकापलीकडे.

बरं, तिथून थोडं पुढे सरकलो तर गणवेशातला एक इसम आडवा आला. त्याचा प्रश्न नेमका उलटा: "तुम्ही त्या 'कोळसो नाका'वाल्यांपैकी ना?" म्हणजे कोळसा नको म्हणणाऱ्या आंदोलकांपैकी. थोडक्यात, एकाच सकाळी मी कोळसा कंपनीचा हेरही आणि कंपनीचा वैरीही! कॅमेऱ्यातले फोटो दाखव म्हणाला. दाखवले. इंजिन, इंजिन, इंजिन, एक खंड्या, परत इंजिन. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यात काय आहे?"

काय आहे! आता ह्याला काय सांगू, ह्याच वाटेवरच्या ब्रागांझा घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, भरलेली गाडी चढवायला मागूनही इंजिनं लावतात, ते बघायला माणसं लांबून येतात म्हणून? जाऊ दे.

आणि कायदा मला शिकवू नका. रुळांत घुसणं गुन्हा आहे, १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोंडपाठ आहे, कारण मला दर वेळी तेच ऐकवतात आणि दर वेळी मी डांबरी रस्त्यावर उभा असतो. तेवढ्यात तिकडे दोन रुळांच्या मधोमध प्री-वेडिंगवाले. नवरीचा घोळ खडीवर पसरलेला, नवरदेव स्लीपरवर गुडघा टेकून, कोणीतरी धुराचा फटाका पेटवतोय. त्यांना काय सांगितलं साहेबांनी? "जरा लवकर आटपा हां." हातात मोबाइल असला की तुम्ही पर्यटक. माझ्याकडे कॅमेऱ्याची बॅग आहे, म्हणून मी आरोपी.

कोकण रेल्वेच्या मार्गावर डोकेदुखी वेगळी. करमळीचं तळं, पाण्यात पक्षी आणि कडेने कोलाडहून वेर्ण्याला निघालेली रो-रो, म्हणजे वाघिणींवर ओळीने अख्खे ट्रक, काही ड्रायव्हर केबिनमध्येच पाय ताणून. १९९९पासून चाललेली ही गंमत जगात फार ठिकाणी बघायला मिळत नाही. पण कधी येणार? प्रवासी गाडी किती मिनिटं उशिरा आहे ते मोबाइलवर दिसतं. मालगाडीचं आमच्यासारख्याला काही म्हणजे काही दिसत नाही. सिग्नल बघत बसायचं. त्यात गोव्यात हा मार्ग एकेरी, त्यामुळे समोरून मांडवी एक्स्प्रेस येतेय, मागून राजधानी येतेय, की मालगाडीला घातलं बाजूच्या रुळावर. ती तिथे पडून राहते, मी इथे पडून राहतो, ऊन उतरत जातं. शेवटी निघते तेव्हा पाण्यावर उजेडाचा कण नसतो. हे एक वेळ मी सोसतो. गाडीचा नाइलाज आहे. २०२२ला विद्युतीकरण पुरं झालं, तेव्हापासून प्रत्येक फ्रेममध्ये खांब आणि तारा आहेत, तेही सोसतो. डिझेल वाचतं, चांगलंच आहे.

पण इतकं सगळं जुळून आलंय, उजेड आहे, पाणी स्थिर आहे, सिग्नल हिरवा झालाय, लांबून भोंगा ऐकू आलाय आणि नेमकी स्कूटर बरोबर लेन्ससमोर थांबवून कोणीतरी हेल्मेट काढत विचारतो, "पात्रांव, कितें चल्लां हांगा?" अरे बाबा, बाजूला हो! नाव-गाव, आधार कार्ड, काय हवं ते विचार, पण गाडी गेल्यावर विचार ना!