‘थॉमस!’ अशी हाक मारणारी बाई

गेल्या रविवारी भाचीबरोबर ‘टॉम अँड जेरी’चे जुने भाग पाहत बसलो होतो. हातात झाडू घेतलेली एक बाई ‘थॉमस!’ असे ओरडत स्वयंपाकघरात येते. तिचे जाड पाय, सपाता आणि एप्रन एवढेच दिसते. ‘मामा, हिचं तोंड का नाही दाखवत?’ असे भाचीने विचारले. हेच भाग पाहून मी लहानपणी पोट धरून हसलो होतो, पण हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नव्हता, याचे वाईट वाटले.

ही बाई १९४० च्या पहिल्याच भागात आहे आणि १९५२ पर्यंत येत राहिली. गोऱ्यांच्या घरी राबणारी, स्थूल, तोंडाळ कृष्णवर्णीय मोलकरीण हा अमेरिकी करमणुकीतला ठरीव साचा. त्याला ‘मॅमी’ म्हणत. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने या पात्रावर आक्षेप घेतला, तो माझ्या मते पूर्णपणे रास्त होता. स्फोटानंतर टॉमचे तोंड काळे होते आणि तेवढ्यावरच हसायचे असते, ते विनोदही याच मुशीतले.

मात्र त्यानंतर जे झाले ते मला अधिक अस्वस्थ करते. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही भागांतून तिला काढून तिच्या जागी गोरी बाई चितारली गेली आणि आवाजही बदलला. मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता. श्रेयनामावलीत तिचे नाव तेव्हाही नव्हते. आक्षेप साच्यावर होता, पण पुसले गेले ते त्या साच्यातही जीव ओतणाऱ्या बाईचे काम. २००५ च्या डीव्हीडी संचात कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी आरंभीच या चित्रणातला वर्णद्वेष स्पष्ट केला आणि भाग दाखवले गेले. मला हीच रीत योग्य वाटते. मुलांना कापलेला भाग देण्यापेक्षा शेजारी बसून सांगणे कष्टाचे आहे, पण ते आपण केले पाहिजे.

१९५० च्या एका भागात ही बाई शनिवारी संध्याकाळी नटूनथटून पत्ते खेळायला जाते आणि घरातला गोंधळ कळताच धावत परतते. त्या धावण्यात तिचा चेहरा निमिषमात्र दिसतो. गोरी बाई घालून बदललेल्या भागांत हाही एक होता. मूळ भाग शोधून भाचीला दाखवला. तीनदा मागे नेल्यावर ते चित्र नेमके थांबवता आले. ती पडद्याजवळ सरकली आणि बराच वेळ पाहत राहिली.