आऊट3अ

फाइलसिस्टिम माउंट होताना, म्हणजे डिस्कवरच्या फायली चालत्या सिस्टिमला जोडल्या जाताना, आत काय चालतं, त्याचा कोड लिहायची वेळ येईपर्यंत मी सुखी होतो. मेमरी घ्या, डिस्कवरून सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची कुंडली) वाचा, मूळ डिरेक्टरीचा आयनोड (तिच्या माहितीची नोंद) मिळवा. यातलं काहीही कुठेही फसतं, आणि फसलं की तोवर घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने परत करायचं. या निस्तरण्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, सर्रास गोटू वापरतात: कोडात नाव दिलेल्या जागी थेट उडी मारायची आज्ञा. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी 1968 साली गोटूविरुद्ध पत्र लिहिलं, आम्हाला तर तो शिवीसारखाच शिकवला होता. इथे येऊन बघतो तर सगळा कारभार त्याच्याच हाती!

मग मीही उडीच्या जागांना सात लेबलं लावली, आऊट1 ते आऊट7. पुढे मधेच एक पायरी वाढली. नंबर बदलायचा कंटाळा, म्हणून आऊट3अ. असली आकडेवाली नावं देऊ नका, पुन्हा नंबर घालत बसाल, असं कर्नेलच्या शैलीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. पण ती पुस्तिका आपण उघडतो ती दुसऱ्याच्या पॅचवर, म्हणजे कोडातल्या बदलावर, शेरा मारताना.

तो कोड कसाबसा आत गेलाही. परवा आणखी एक पायरी घालायला गेलो, तर रिव्ह्यूअर म्हणाले, "आधी हे आवरा. केफ्रीला नल चालतो, मग इतकी लेबलं कशाला?"

खरंच की! मेमरी सोडणारं केफ्री, आयनोड सोडणारं आयपुट, डिस्कवरून वाचलेल्याचा बफर सोडणारं बीरिल्स, तिघांनाही नल, म्हणजे कुठेच न नेणारा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), दिला तर मुकाट परत फिरतात. मी सगळे पॉइंटर सुरुवातीलाच नल केले, आठ लेबलांचं एक केलं आणि मुद्दाम बिघडवलेली डिस्क माउंट करून पाहिली. मशीन उताणं.

झालं असं, की आयनोड आणणारं फंक्शन फसलं तर नल देत नाही. एरर नंबरच पॉइंटरच्या वेशात पाठवतं: वाचता आलं नाही तर उणे 5, मेमरी नसेल तर उणे 12. हे बहुरूपी अ‍ॅड्रेसच्या अगदी शेवटच्या 4095 जागांत बसतात आणि खोदून विचारल्याशिवाय खरं सांगत नाहीत. मी न विचारताच उणे 5 आयपुटच्या स्वाधीन केला. त्या बिचाऱ्याला फक्त नल ओळखता येतो. त्याने उणे पाचाला आयनोड समजून त्याच्या आत हात घातला.

"सोपं करा म्हटलं होतं," रिव्ह्यूअर म्हणाले, "सपाट नाही."

तिसऱ्या खेपेला एरर नंबर आधी काढून घेतला, पॉइंटर नल केला आणि पॅचसोबतच्या संदेशात नम्रपणे लिहिलं, "फक्त आवराआवर, वागण्यात बदल नाही."

"बदल आहे," उत्तर आलं. "जुन्या कोडात आऊट3अची उडी बीरिल्सच्या डोक्यावरून जायची. माउंट तिथे फसलं की दर वेळी सुपरब्लॉकचा बफर अडकून राहायचा. संदेश दुरुस्त करा."

गळती होती हे मला ती बंद केल्यावर कळलं. चौथ्या पॅचच्या संदेशात मी लिहिलं, "बफरची गळती शोधून बंद केली."

'शोधून' तेवढं रिव्ह्यूअरनी खोडलं.