पडक्या भिंतींची पदवी

बारावीला ९२ टक्के मिळवून मुलाने पडक्या भिंतींची पदवी घ्यायची का, असा प्रश्न सातारच्या आमच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलतभावांनी, गेल्या रविवारी मला फोनवर विचारला. पुतण्याला ऐतिहासिक वास्तूंचे जतन शिकायचे आहे, एवढाच त्याचा अपराध. माझी मुलगी इथे व्हर्जिनियात, फ्रेडरिक्सबर्गच्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात, हाच विषय घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे, हे अण्णांना पक्के ठाऊक असल्यामुळे तो प्रश्न पुतण्यापेक्षा मलाच अधिक लागला.

पडक्या भिंतींत शिकण्यासारखे असते ते असे. जुन्या मऊ विटांच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या, तर आतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ती विटेतून वाट काढते आणि काही वर्षांत विटेचे पापुद्रे सुटू लागतात, सिमेंट मात्र जागच्या जागी राहते. म्हणून आधी जुना चुना तपासायचा आणि त्याच्याहून कडक नसलेला नवा चुना मळायचा. मुलीने हे सांगितले तेव्हा, आपल्याकडे चुन्यात गूळ आणि हिरडा घालत असत, अशी भर मी अभिमानाने घातली. किती घालत, असे तिने विचारल्यावर मी विषय बदलला.

अण्णांचा खरा मुद्दा नोकरीचा आहे आणि तिथेच त्यांची गल्लत होते. अमेरिकनांचे जुन्यावर प्रेम आहे म्हणून या पदवीला काम मिळते, असे नाही. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनची, म्हणजे तिथल्या रेल्वे स्थानकाची, भव्य इमारत १९६३ साली याच लोकांनी पाडायला घेतली. अशा पाडकामांच्या हळहळीतून १९६६ चा ऐतिहासिक वास्तू जतनाचा कायदा झाला आणि त्याच्या १०६ व्या कलमामुळे केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवान्याने होणाऱ्या कामाचा ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल, हे आधी तपासावे लागते. म्हणजे कोणीतरी जाऊन मोजमापे घ्यायची, जुनी खरेदीखते वाचायची, अहवाल लिहायचा. हे कलम पाडकाम थांबवतेच असे नाही, पण ते विचारायला भाग पाडते, आणि विचारणाऱ्याला पगार असतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे थोडेच आहे? मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची आहे. २०२५ साली महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, तेव्हा अण्णांनीच गल्लीत पेढे वाटले. पण हा विषय शिकायचा, तर बहुधा आधी आर्किटेक्चरची पाच वर्षे काढावी लागतात. ज्याला नवे बांधायचेच नाही, जुने राखायचे आहे, त्यानेही.

इथले सगळे आदर्श आहे, असे मी म्हणत नाही. फ्रेडरिक्सबर्गमध्ये विल्यम आणि चार्ल्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर गुलामांच्या लिलावाशी जोडलेला एक दगड होता. जपायचा म्हणजे जागेवरच ठेवायचा का, यावर गाव बराच काळ भांडले आणि २०२० साली तो तिथून हलवून पुढे संग्रहालयात ठेवला. मुलीच्या वर्गात त्यावर अजून वाद होतो. अण्णांना मी हे सांगितले नाही. माझ्या बाजूला ते सोयीचे नव्हते.

आणखी एक गोष्ट मी बोललो नाही, कारण ती त्यांना माहीतच आहे. आमचा वाडा बिल्डरला द्यायचे ठरले, तेव्हा अण्णांनी सहा महिने सही केली नाही. मी मात्र मुखत्यारपत्र नोटरी करून, त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घेऊन तातडीने पाठवले. त्या पैशांतून डाउन पेमेंट भरलेल्या माझ्या घराची भिंत ठोकली तर पोकळ वाजते, आणि कुंपणाचा रंग एचओएला, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाला, विचारून लावावा लागतो.

गेल्या सत्रात मुलीला एका पाडलेल्या घराचा आराखडा आठवणींवरून काढायचा होता. मला दिंडी दरवाजा आणि चौकातले वृंदावन, यापलीकडे धड काही सांगता येईना. तिने अण्णांना फोन लावला. पडक्या भिंतींना हसणारे अण्णा तिच्याशी दोन तास बोलले: सोप्याचे खण, तुळयांची जाडी वितींत, जिन्याची कोणती पायरी वाजत असे, सारे काही. आराखडा पूर्ण झाल्यावर माझी अभ्यासाची खोली कुठे होती, ते तिने बोट ठेवून मला दाखवले.