एक्सेल डेटाबेसला जोडलं जाऊ नये म्हणून घ्यायची काळजी

शीट दूरच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसला जोडलेली आहे, काल चालत होती, आज ‘रीफ्रेश ऑल’ दाबल्यावर एक लांबलचक खोका समोर आला. त्यातला मजकूर वाचू नका. बाकी सगळी पथ्यं चुकली तरी चालतील, हे एक पाळा. बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा त्या खोक्यातच लिहिलेलं असतं, आणि ते कळलं की काम जेवणाच्या सुट्टीआधी संपण्याचा धोका असतो. ‘ओके’ दाबा आणि पुन्हा रीफ्रेश करा.

सपोर्टला कळवताना ‘एरर येतोय’ एवढे दोन शब्द पुरतात. आकडा मात्र देऊ नका. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २००३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलं नाही. ११३० म्हणजे पोहोचलात, पण तुमच्या मशीनला आत यायची मुभा नाही. १०४५ म्हणजे नाव-पासवर्ड नाकारला गेला. पहिल्याचं उत्तर बहुधा नेटवर्कवाल्याकडे, उरलेल्या दोघांचं डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे. आकडा दिलात तर मेल थेट योग्य माणसाकडे जाईल आणि दोन्ही विभागांना एकमेकांकडे बोट दाखवायची संधीच मिळणार नाही. स्क्रीनशॉट मागितलाच तर मोबाइलने तिरका फोटो काढा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं आकड्यावर येईल असा.

विंडोजवर २००३ च्या मागे कंसात आणखी एक संख्या असते, तिच्याकडे तर ढुंकूनही पाहू नका. १००६० असेल तर तुमची हाक वाटेत कुठेतरी गिळली गेली आणि वाट पाहून वेळ संपली. हे बहुधा फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कवरच्या पहारेकऱ्याचं, काम, नाहीतर पत्ताच चुकलेला. १००६१ असेल तर बहुधा समोरच्या मशीनने लगेच नकार कळवलाय: मशीन जिवंत आहे, त्या पोर्टवर, म्हणजे डेटाबेसच्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारं कोणी नाही. सेवा बंद पडलीय, पोर्ट बदललंय, किंवा डेटाबेस फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतोय. अर्धा मिनिट थांबून आलेली चूक आणि चटकन आलेली चूक यांत एवढा फरक असतो. तुम्ही दोन्हींना ‘नेट स्लो आहे’ म्हणा.

मग पिंग करा, म्हणजे सर्व्हर हाकेला ओ देतो का ते पाहा. उत्तर आलं तर ‘सर्व्हर चालू आहे, म्हणजे चूक तुमच्या डेटाबेसची’ असं जाहीर करा. नाही आलं तर ‘सर्व्हर बंद आहे’. पिंगचा डेटाबेसच्या पोर्टशी काडीचा संबंध नसतो, आणि पुष्कळ ठिकाणी ते मुद्दाम अडवलेलं असतं, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष सारखेच निराधार ठरतात. पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिल्यावर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असं सरळ सांगते, म्हणून ती टाळलेली बरी. पोर्ट कोणतं हेही विचारू नका. मायएसक्यूएल मुळात ३३०६ वर, पोस्टग्रेस ५४३२ वर, एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर आणि ओरॅकल १५२१ वर असतो, पण ही माहिती शोधायला वेळ कोणाला आहे? एसक्यूएल सर्व्हरसाठी पोर्ट द्यावंच लागलं तर नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन लिहा. त्याला तिथे स्वल्पविराम लागतो. दोन टिंबांनी पुढचे दोन तास निश्चित होतात.

फारच उत्साही असाल तर उलट टोक गाठा: पोर्ट उघडं आहे ना हे दर मिनिटाला तपासणारी स्क्रिप्ट लावून द्या. ती दार ठोठावते आणि बोलणं न करताच निघून जाते. मायएसक्यूएल अशा अर्धवट भेटी मोजतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे मध्ये एकही नीट जोडणी न होता लागोपाठ १०० झाल्या की त्या मशीनला बंदी घालतो. चूक क्रमांक ११२९. ही बंदी सर्व्हरच्या बाजूनेच उठवावी लागते. आधी एक बिघाड होता, आता दोन झाले.

आता खरी मेजवानी, ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे एक्सेल आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषा. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणून एक्सेलही ६४ बिटचंच असणार, असं ठामपणे धरून चाला. ‘फाइल’, मग ‘अकाउंट’, मग ‘अबाउट एक्सेल’ इथे वरच्याच ओळीत खरं काय ते लिहिलेलं असतं. तिकडे जाऊ नका. ड्रायव्हर एक्सेलच्या बिटचा लागतो, विंडोजच्या नव्हे. ३२ बिटच्या एक्सेलला ६४ बिटचा ड्रायव्हर दिसतच नाही.

इथे विंडोज तुम्हाला जी साथ देतं तिला तोड नाही. डेटा सोर्स नोंदवायचा प्रोग्राम दोन प्रकारचा असतो, पण दोन्हींच्या फाइलचं नाव एकच, आणि त्या नावाच्या शेवटी ३२. त्यातला ६४ बिटचा ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये राहतो आणि ३२ बिटचा ‘सिसवाऊ६४’ मध्ये. हे उपरोधाने लिहिलेलं नाही, खरंच तसं आहे. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून जुनं नाव तसंच ठेवलं, आणि ती सोय आजवर गोंधळाच्या उपयोगी पडते आहे. तेव्हा ६४ बिटवाला उघडा, त्यात डीएसएन, म्हणजे जोडणीचा तपशील नाव देऊन, नोंदवा, ‘टेस्ट’ दाबा. यशस्वी! आता ३२ बिटचं एक्सेल उघडा. अयशस्वी! ‘टेस्ट तर पास झाली’ हे वाक्य पुढच्या तीन मीटिंगांना पुरतं. नोंद ‘सिस्टम डीएसएन’मध्ये केली असेल तर एक्सेलला ती सापडतच नाही आणि आयएम००२ हा एरर येतो. ‘यूझर डीएसएन’मध्ये केली असेल तर ती दोन्ही प्रोग्रामांत दिसते, पण ड्रायव्हर मात्र एकाच बिटचा असतो, आणि मग आयएम०१४ येतो, त्यात ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. वाचायचं नाही हे ठरलंय ना? मग ऑफिस पुन्हा इन्स्टॉल करा. त्याच बिटचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

नवा ड्रायव्हर घातल्यावर एक्सेल सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, तक्रार करू लागलं तर फारच छान. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हरसाठीचा १८ नंबरचा ओडीबीसी ड्रायव्हर २०२२ मध्ये आला, आणि तो न सांगताही एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक भाषेत बोलणं, मागतो. १७ नंबरचा मागत नव्हता. सर्व्हरवर स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर नवा ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवत नाही. ते देणाऱ्याचं मूळ सर्टिफिकेट आपल्या मशीनवर बसवणं आणि सर्टिफिकेटवर जे नाव आहे त्याच नावाने जोडणं, आयपी पत्त्याने नव्हे, असा कंटाळवाणा मार्ग आहे. त्यापेक्षा जोडणीच्या ओळीत ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’समोर ‘येस’ लिहा. समोर कोणीही बसलेला असो, आपण त्याला पासवर्ड सांगून मोकळे.

सर्व्हरच्या बाजूला हात घालायची संधी मिळालीच तर जपून वागा. पोस्टग्रेस मुळात फक्त ‘लोकलहोस्ट’वर ऐकतो. ‘लिसन ॲड्रेसेस’ ही सेटिंग बदलून सेवा पुन्हा सुरू करावी लागते, आणि त्याखेरीज कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या ‘पीजी एचबीए’ फाइलमध्ये बाहेरच्या मशीनच्या पत्त्याची ओळ घालावी लागते. तुम्ही यातलं एकच करा. मायएसक्यूएलमध्ये खातं नावापुरतं नसतं, कुठून येणार तेही त्यात असतं: लोकलहोस्टवरून येणारा आणि बाहेरून येणारा, नाव एकच असलं तरी ही दोन वेगळी खाती. सर्व्हरवर बसून लॉगिन करून दाखवा आणि म्हणा, ‘पासवर्ड तर बरोबर आहे.’ एसक्यूएल सर्व्हरने १८४५६, म्हणजे लॉगिन नाकारल्याचा एरर, दिला तर तुमच्यापर्यंत कायम ‘स्टेट १’च येतो, कारण चोराला इशारा मिळू नये. खरा स्टेट सर्व्हरच्या लॉगमध्ये असतो: ५ म्हणजे असं नावच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोजचं लॉगिन स्वीकारतो. लॉग उघडायला कोणाला सांगू नका, उगाच सापडेल.

पासवर्ड बदलला असेल तर नवा पासवर्ड मेलमध्ये लिहून ठेवा, एक्सेलला सांगू नका. एक्सेलमधली डेटा आणणारी पॉवर क्वेरी जुनाच पासवर्ड लक्षात ठेवते आणि निष्ठेने तोच पाठवत राहते. ‘गेट डेटा’ खालच्या ‘डेटा सोर्स सेटिंग्ज’मध्ये ‘क्लिअर परमिशन्स’ केलं की ती नव्याने विचारते. ते बटण दिसलं तरी खिडकी बंद करा. रीफ्रेश मात्र चालू ठेवा. खातं लॉक होण्याची व्यवस्था असेल तर तेवढ्यात तेही होऊन जाईल.

आणि इतकं करूनही जोडणी झालीच, तर फाइल सगळ्यांना पाठवून द्या. डीएसएन तुमच्या मशीनवर नोंदवलेला, त्यामुळे बाकीच्यांकडे ती उघडून उपयोग नाही. ज्यांच्याकडे चालेल त्यांच्यासाठी ‘सेव्ह पासवर्ड’वर खूण करा. एक्सेल बजावतं की पासवर्ड एन्क्रिप्ट न करता फाइलमध्ये ठेवला जाईल. ‘येस’ दाबा, आणि तो पासवर्ड ‘एसए’ किंवा ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचाच असू द्या, फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं खातं बनवायला दोन ओळी लिहाव्या लागतात.

कोणाकडेच चालली नाही तर शेवटचा उपाय हाताशी आहेच: डेटाबेसवाल्याकडून सगळं टेबल सीएसव्ही फाइलमध्ये मागवा आणि एक्सेलमध्ये उघडा. १०,४८,५७६ ओळींनंतरच्या ओळी शीटमध्ये येत नाहीत, पूर्ण फाइल लोड झाली नाही असा एक खोका तेवढा दिसेल. त्याचं काय करायचं ते आता तुम्हाला सांगायला नको. बेरीज करा आणि अहवाल पाठवा.