त्या ‘ळ’बद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मुंबईत काळा घोड्याला भरलेल्या चित्रप्रदर्शनावर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दादरच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस इतका कळवळून लिहितो, तेव्हा खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून हे वेगळं लिहितेय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. रंग आणि रेषा पुरेनाशा झाल्या की चित्रकार शब्दाचा आधार घेतो, ही त्याची हार आहे. अक्षरं काढणं हे जाहिरातवाल्यांचं काम. आणि ज्या चार फुटी कॅनव्हासचं मी कौतुक केलं, त्यावरचा आडवा पाडलेला, कडेला कापलेला ‘ळ’ धड वाचताही येत नाही. ही मराठी अक्षराची विटंबना आहे.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. चित्र फिकं पडलं म्हणून कोपऱ्यात अभंगाची ओळ टाकायची, मोरपीस रंगवून वर ‘कृष्ण’ लिहायचं, अशी चित्रं मीही पुष्कळ बघितली आहेत. तिथे शब्द कुबडीच असतो. तळहातानं तो झाकला तर मागे काही उरत नाही.

पण तो ‘ळ’ पुन्हा आठवून बघा. आडवा पाडल्यामुळे त्याच्या दोन वाट्या एकावर एक आल्या होत्या. वरच्या वाटीत गेरूचा दाट थर, खालच्या वाटीत कोरा कॅनव्हास. ब्रश जिथे वळला तिथे केसांचे ओरखडे तसेच राहिलेले, आणि वळण संपतासंपता रंग सुकत गेलेला. मला आधी दिसले ते उतरंडीतले दोन घडे. मग आपोआप मान वाकडी झाली आणि ‘ळ’ सापडला. सापडल्यावर मात्र कितीही प्रयत्न केला तरी त्याचे पुन्हा नुसते घडे होईनात. ज्याला लिपी येते त्याला अक्षर न वाचता बघणं जवळजवळ अशक्य असतं. त्या चित्रकारानं खेळवलं आहे ते नेमकं हे. दिसणं आणि वाचणं यांच्यामध्ये त्यानं आपल्याला मिनिटभर अडकवून ठेवलं. नुसत्या घड्यांच्या चित्रानं हे झालं नसतं, आणि सरळ छापलेल्या ‘ळ’नंही नसतं.

जाहिरातवाल्यांच्या कामाबद्दल. फ्रेंच चित्रकार ब्राकनं १९११ साली ‘द पोर्तुगीज’ या चित्रामध्ये स्टेन्सिलनं अक्षरं आणि आकडे उमटवले. तो घरं रंगवणाऱ्याचा मुलगा, स्वतः त्याच धंद्यात शिकलेला, त्यामुळे ही हत्यारं त्याच्या हातातलीच होती. त्या चित्रात माणूस, गिटार, सगळं तुकड्यातुकड्यांनी मागेपुढे सरकतं; अक्षरं तेवढी कॅनव्हासच्या पृष्ठभागाला चिकटून सपाट बसतात. ती सपाट आहेत म्हणून बाकीची खोली जाणवते. तिथे शब्दाचा अर्थ लावून फारसं काही मिळत नाही. ‘डी बाल’ (D BAL) असे तुकडेच तर दिसतात.

आणि आपल्याकडे? मद्रासचे चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३च्या सुमारास ‘वर्ड्स अँड सिम्बॉल्स’ ही चित्रमालिका सुरू केली. मल्याळमसारख्या दिसणाऱ्या ओळी, कुंडलीचे चौकोन, गणितातली चिन्हं. मल्याळी माणसालाही ती अक्षरं वाचता येत नाहीत, कारण ती वाचण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. तरी समोर उभं राहिलं की काहीतरी गहन लिहिलं असावं असं वाटतं. देवघरातली जुनी पोथी उघडल्यावर वाटतं ना, तसं.

कमल शेडगे तर आपल्या मुंबईचेच. नाटकाच्या जाहिरातीतलं त्यांनी काढलेलं नुसतं नाव बघितलं की नाटकाचा सूर कळायचा. त्याला हलकं काम म्हणायला माझी जीभ धजत नाही, सर. तुम्हीच आठवा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना अक्षरलेखन कुठे असायचं? भूमितीच्या पेपरात. पट्टी, कंपास, चौकटी आखून एका जाडीची अक्षरं. स्मरणचित्र एका पेपरात, अक्षर दुसऱ्यात. अक्षर म्हणजे आखायची गोष्ट, चित्र म्हणजे काढायची, ही वाटणी आमच्या डोक्यात तिथेच बसली. तुमचा राग मला त्या वाटणीतून आलेला वाटतो, आणि हे मी दोष म्हणून लिहीत नाही. मलाही त्यातून बाहेर यायला वर्षं लागली.

बाहेर काढलं ते एका कागदानं. आजीच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद होता. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढलेली, मग तिला लगडलेली अक्षरं, लेखणी शक्य तितकी न उचलता लिहिलेली. बोरू एका बाजूला उतरताना जाड, उलटा वळला की केसासारखा बारीक. मला मोडी येत नाही. कित्येक महिने मी तो कागद पावसाच्या सरी बघाव्यात तसा बघत होते. पुढे जाणकाराकडून वाचून घेतला. भाताच्या देण्याघेण्याचा हिशेब निघाला, बाकी काही नाही. अर्थ कळला म्हणून रेषा कमी सुंदर झाली नाही, पण सरी गेल्या त्या गेल्या.

म्हणून विटंबनेचा मुद्दा मला पटत नाही. घाईत लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातून अक्षरं वाकली, जोडली गेली, बाळबोधीपासून लांब गेली, आणि त्यातून मोडीचं देखणं वळण आलं. अक्षराला इतकं वाकवता येतं हा मला त्याचा मोठेपणा वाटतो. हिंदीवाल्यांना फारसा न लागणारा, आपल्या जिभेला रोज लागणारा ‘ळ’ कुणीतरी चार फुटी करून भिंतीवर टांगला, यानं माझा ऊर भरून आला होता.

ते प्रदर्शन आता उतरलं. पण एक गोष्ट तुमच्या गल्लीतच बघता येईल. चित्रकार अतुल दोडियांनी दुकानांच्या शटरवर चित्रं रंगवली, तेव्हापासून मी मुंबईतली शटरं नीट बघायला लागले. हातानं नाव रंगवलेलं एखादं जुनं दुकान गाठा, सकाळी ते उघडायच्या वेळेला. शटर वर गुंडाळतं, त्यामुळे आधी वरच्या मात्रा आणि लगेच शिरोरेषा जाते. ती गेली की ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येईनासे होतात, शब्द सुटतो, आणि पत्र्याच्या पन्हाळींवर नुसती गोलाई आणि काने उरतात. मग तेही जातात. शेवटी क्षणभर एखादा उकार तेवढा लोंबत राहतो.

बघून आलात की काय दिसलं ते जरूर लिहा. पटलं नाही तर तेही लिहा.