कान गेला

मी आयुष्यात मातीचं साधं बोळकंसुद्धा केलेलं नाही. शाळेत मातीकामाच्या तासाला मी केलेला हत्ती पाहून बाई म्हणाल्या होत्या, "अरे वा, बटाटा छान जमलाय!" तरीही हल्ली टीव्हीवर कुणी चाकावर माती ठेवली की मी सोफ्यावरून ओरडतो, "मध्यावर बसली नाहीये! भिंत डुगडुगणार बघ!" आणि भिंत डुगडुगते. मग मला जो आनंद होतो तो सांगण्यासारखा नाही.

हे खूळ घरात आणलं मावशीनं. 'द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन' ही ब्रिटिश स्पर्धा २०१५ पासून चालू आहे, आम्हाला लागण उशिरा झाली. हौशी कुंभार स्टोक-ऑन-ट्रेंटला जमतात, दर भागात कुणीतरी एक घरी जातो आणि कीथ ब्रायमर जोन्स नावाचा धिप्पाड परीक्षक एखादं भांडं आवडलं की चक्क रडतो. डोळे पुसत, हुंदका गिळत रडतो. दुसरा परीक्षक रिच मिलर. तो आधी याच कार्यक्रमात भट्टी सांभाळायचा. भट्टी राखता राखता तो परीक्षक झाला, आम्ही सोफा राखता राखता झालो.

आमचा ग्रुप चौघांचा : मावशी, माझा भाऊ, मामेबहीण आणि मी. चारही जण कच्ची मडकी, पण आवाज पक्क्या भाजणीचा. पहिल्या भागात आम्ही "किती सुंदर!" एवढंच लिहीत होतो. तिसऱ्या भागापर्यंत मामेबहीण "तळ नीट दाबला नाही, आता एस आकाराची चीर जाणार" असं लिहायला लागली. एकदा भट्टीत कुणाचं तरी भांडं फुटलं. भाऊ म्हणाला, मातीत हवेचा बुडबुडा राहिला. मावशी म्हणाली, बुडबुड्यानं काही होत नाही, आत ओल राहिली, तिची वाफ झाली आणि तिनं भांडं फोडलं. यावर दोघं तीन दिवस बोलत नव्हते. (बरोबर मावशीचंच होतं. पण हे भावाला सांगायची माझी छाती नाही.)

माझा खरा छळ वेगळाच आहे. नवा भाग मिळतो रात्री उशिरा आणि त्या वेळी माझे डोळे मिटलेले असतात. मी तो दुसऱ्या रात्री बघतो. मधला अख्खा दिवस फोन म्हणजे खिशातला निखारा. ग्रुप उघडायचा नाही, पण वर सरकून जाणारी ओळ दिसतेच. बरं, त्या ओळीत असतो रडका चेहरा. त्यावरून काय कळणार? लाडका स्पर्धक घरी गेला, रडका चेहरा. चहादाणीचं झाकण नेमकं बसलं, रडका चेहरा. झिलई ओघळून भांडं भट्टीच्या फळीला चिकटलं, दोन रडके चेहरे. कीथ रडला, तर चार. आनंद आणि सुतक यांना आमच्या ग्रुपमध्ये एकच चिन्ह आहे.

परवाचा भाग चहादाण्यांचा होता. सकाळी दात घासताना फोन उजळला आणि मावशीची ओळ दिसली : 'कान गेला.' पुढे तीन रडके चेहरे.

"गेलं!" मी फेसाळ तोंडानं ओरडलो. "सांगून टाकलं हिनं!"

"कुणाचा कान?" बायकोनं विचारलं.

"चहादाणीचा, आणखी कुणाचा!"

दिवसभर ऑफिसात मी त्या कानाचं शवविच्छेदन करत होतो. अंग वाळून गेल्यावर ओला कान चिकटवला असणार. मग ओला भाग जास्त आकसतो आणि जोड सुटतो. मातीचे कुल्ले लावून लागत नाहीत, तिथे कान काय लागणार! दोन्हीकडे खरवडायचं, पातळ कालवलेली माती लावायची, दाबायचं आणि सावकाश वाळू द्यायचं. एवढं साधं जमत नाही? संध्याकाळपर्यंत मला त्या अनोळखी माणसाचा रागच आला होता.

रात्री भाग लावला. एकेक चहादाणी टेबलावर आली. परीक्षकानं कान धरून उचलली की मी उशी धरायचो. पहिलीचा कान शाबूत. दुसरीचाही. पाण्यानं भरून ओतून पाहिलं, एकीची चोच ठिबकली, एकीचं झाकण आत पडलं, पण कान सगळे ठणठणीत. शेवटची चहादाणी पाहून कीथ रडला, नावं जाहीर झाली, एक जण मिठ्या मारून गेला, आणि मी अजून कान पडायची वाट बघत बसलो होतो.

मग ग्रुप उघडला. सकाळच्या ओळीखाली भाऊ : 'मी अजून पाहिलं नाही, पण माती कोरडी झाली असणार.' मामेबहीण : 'मी आज रात्री बघणार आहे, खबरदार पुढचं काही सांगितलंत तर!' भाऊ : 'शिवाय कान जाड असेल. जाड कान उशिरा वाळतो.' मग मावशी : 'अरे, माझा कान. एक मंद होताच, सकाळी उठले तर दुसराही बंद. कुणी डॉक्टरकडे नेतं का?' खाली भावाचा रडका चेहरा. त्याखाली काहीच नाही.

मी तडक फोन लावला. "मावशी, सकाळी आठला येतो गं!"

"काय?"

"आठला! मळ असेल, डॉक्टर काढतील!"

"ते राहू दे रे," मावशी म्हणाली. "मी दुपारी बघितला भाग, पण एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. तो शेवटी रडला ना, तो चहादाणी आवडली म्हणून की बिघडली म्हणून?"

"आवडली म्हणून!"

"बिघडली?"

तीनदा ओरडलो. शेजारच्यांचा दिवा लागला. शेवटी फोन ठेवला आणि ग्रुपवर स्पष्ट लिहिलं : 'शेवटची चहादाणी उत्तम होती, तो आनंदानं रडला.'

दुसऱ्या सेकंदाला मामेबहिणीचं उत्तर आलं : 'सांगू नका म्हटलं होतं ना!'